पृथ्वीचें पांघरूण

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत एका निवृत्त शिक्षकानें दिलेलें व्याख्यान)



महोत्सव-समितीनें आज मला आपणांपुढें उभें केलें, याबद्दल मी तिचा आभारी आहें. अशा मंगल प्रसंगीं वक्त्यानें गेल्या पन्नास वर्षांच्या इतिहासाचें स्मरण करावें असा प्रघात आहे. परंतु तें काम माझ्याहून अधिक अधिकारी वक्त्यांनीं कालच उत्तम प्रकारें केलें आहे. मी जन्मभर शाळेंत भूगोल व विज्ञान शिकविलें. तेव्हां ज्या विषयांत माझें आयुष्य गेलें त्याच विषयावर चार शब्द बोलावे, हें बरें. विषय हवेचा आहे. हवा ही सर्वांच्या मालकीची वस्तु आहे, आणि कदाचित् म्हणूनच तिची चौकशी कोणी करीत नाहीं.

आरंभींच एक कबुली देणें मला अवश्य वाटतें. शाळेंत असतांना मीं मुलांना दोन गोष्टी मोठ्या आत्मविश्वासानें सांगितल्या. पहिली ही, कीं चक्रीवादळें हीं बंगालच्या उपसागराचीं. आपला अरबी समुद्र त्या मानानें शांत व सोशिक. दुसरी ही, कीं कारखान्यांचा व आगगाड्यांचा धूर कितीहि झाला तरी महासागर इतका अफाट आहे कीं तो सर्व पोटांत घालील. पहिली गोष्ट त्या काळीं बऱ्याच अंशीं खरी होती. १९४८ च्या नोव्हेंबरांत मुंबईस वादळाचा जबर तडाखा बसला होता, हें खरें. पण अशीं उदाहरणें थोडीं होतीं. दुसरी गोष्ट मात्र मी शिकवीत होतों तेव्हांहि खोटी ठरलेली होती. ती बातमी माझ्यापर्यंत पोंचली नव्हती, आणि ती शोधण्याचे श्रमहि मीं घेतले नव्हते.

सन २०२१ च्या मे महिन्यांत ‘तौक्ते’ नांवाचें वादळ किनाऱ्याजवळून जाणार अशी सूचना मिळाली, त्या दिवशीं माझा एक जुना विद्यार्थी मजकडे आला. तो मासेमारीचा धंदा करतो. होडी वर ओढून, दोर आवळून तो आला होता. ओटीवर बसतां बसतां तो म्हणाला, “मास्तर, गेल्या जूनमध्यें निसर्ग झालें, आतां हें आलें. तुम्ही तर आम्हांला सांगत होतां कीं हीं वादळें पलीकडच्या समुद्रांत होतात. मग समुद्र बदलला कीं तुमचें पुस्तक चुकलें?” मीं त्यास चहा दिला, पण उत्तर दिलें नाहीं, कारण तें मजजवळ नव्हतें. त्या दिवसापासून मी पुन्हां विद्यार्थी झालों. आज जें सांगणार आहें तें त्या प्रश्नाचें उत्तर आहे. आणि तो प्रश्न विचारणारा आज याच सभेंत मागच्या बाकावर बसला आहे.

आधीं हें पाहूं कीं पृथ्वी तापते कशी आणि निवते कशी. सूर्याचा प्रकाश हवेंतून आरपार येतो, जमिनीवर व पाण्यावर पडतो आणि त्यांस तापवितो. तापलेली प्रत्येक वस्तु आपली उष्णता पुन्हां बाहेर टाकीत असते. चुलीवरून उतरलेला तवा लाल दिसत नसला तरी हात जवळ नेतांच धग लागते, ती अशाच अदृश्य किरणांची. सूर्याचा पृष्ठभाग सुमारें साडेपांच हजार अंश तप्त आहे, म्हणून त्याचे किरण डोळ्यांस दिसतात; पृथ्वी कोमट आहे, म्हणून तिचे दिसत नाहींत. सूर्याकडून जितकी उष्णता आली तितकीच आकाशांत परत गेली तर जमाखर्च जुळतो, आणि पृथ्वीचें उष्णमान स्थिर राहतें. ही सारी कथा त्या जमाखर्चाची आहे.

आतां हवेचा गुण पाहा. कोरड्या हवेच्या शंभर भागांत नव्व्याण्णव भाग नत्रवायु व प्राणवायु असतात. हे दोन्ही वायु सूर्यप्रकाशास अडवीत नाहींत आणि पृथ्वीच्या अदृश्य किरणांसहि अडवीत नाहींत. परंतु हवेंत अल्प प्रमाणांत असे कांहीं वायु आहेत कीं जे प्रकाशाला वाट देतात आणि उष्णतेला अडवितात. पाण्याची वाफ, कर्बाम्ल वायु, मिथेन, नायट्रस ऑक्साईड व ओझोन हे त्यांतील प्रमुख होत. ज्यास आमच्या लहानपणीं कर्बाम्ल वायु म्हणत त्यालाच आपल्या मुलांच्या पुस्तकांत कार्बन डायऑक्साईड असें नांव आहे. या वायूंचे कण तीन किंवा अधिक परमाणूंचे असतात, व ते परमाणु लवचीक तारेनें बांधल्यासारखे हेलकावे खातात. पृथ्वीच्या उष्ण किरणांचा ताल या हेलकाव्यांशीं जुळतो; म्हणून ते किरण कणांकडून शोषले जातात आणि पुन्हां सर्व दिशांस सोडले जातात. वर निघालेल्या उष्णतेचा कांहीं भाग अशा रीतीनें खालीं परत येतो.

याचा अनुभव आपणां सर्वांस आहे. पौषांत ज्या रात्रीं आभाळ निरभ्र असतें त्या रात्रीं थंडी कडाक्याची पडते. ढग आले कीं ऊब वाटते. जमीन तीच, ऋतु तोच. फरक वरच्या पांघरुणाचा. पृथ्वीवर हें वायूंचें पांघरूण मुळींच नसतें, तर तिचें सरासरी उष्णमान शून्याखालीं सुमारें १८ अंश असतें, म्हणजे पाण्याचा बर्फ झाला असता. प्रत्यक्षांत तें शून्यावर सुमारें १५ अंश आहे. मधले ३३ अंश ही या पांघरुणाची देणगी. तेव्हां हे वायु शत्रु आहेत असें कोणी समजूं नये. त्यांच्याविना येथें ना केळीचें पान उगवतें, ना ही सभा भरती. प्रश्न पांघरूण असावें कीं नसावें हा नाहीं. तें किती जाड असावें हा आहे.

हें ज्ञान कालपरवांचें नाहीं. पांघरुणाची कल्पना प्रथम फ्रान्समधील फूरिये या गणितज्ञानें १८२४ सालीं मांडली. १८५६ सालीं अमेरिकेंत युनिस फूट नांवाच्या बाईनें दोन काचेच्या नळ्या घेतल्या, एकींत साधी हवा व दुसरींत कर्बाम्ल वायु भरला, आंत उष्णमापकें ठेविलीं आणि दोन्ही नळ्या उन्हांत मांडल्या. कर्बाम्ल वायूची नळी अधिक तापली, आणि उन्हांतून काढल्यावर ती निवण्यासहि पुष्कळ वेळ लागला. या वायूचें प्रमाण वाढलें तर पृथ्वी अधिक तापेल, असें अनुमान तिनें त्यावरून लिहून ठेविलें. तिचा निबंध ऑल्बनी शहरांतील शास्त्रज्ञांच्या परिषदेंत वाचला गेला. तो तिनें नव्हे, दुसऱ्या एका गृहस्थानें वाचला. पुढें शंभराहून अधिक वर्षें तिचें नांवहि कोणाच्या स्मरणांत राहिलें नाहीं.

लंडन येथें जॉन टिंडल यानें १८५९ पासून अधिक सूक्ष्म उपकरणांनीं हेंच तपासलें, आणि प्राणवायु व नत्रवायु उष्ण किरणांस अडवीत नाहींत, वाफ व कर्बाम्ल वायु अडवितात, हें निर्विवाद सिद्ध केलें. १८९६ सालीं स्वीडनमधील स्वान्ते आऱ्हेनियस यानें हातानें आंकडेमोड करून ताळा मांडला, कीं हवेंतील कर्बाम्ल वायु दुप्पट झाला तर पृथ्वीचें उष्णमान पांच-सहा अंशांनीं वाढेल. आजचे शास्त्रज्ञ सुमारें तीन अंशांचा अंदाज करतात. म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वीं कागदावर केलेला हिशेब आंकड्यांत थोडा चुकला, दिशेंत चुकला नाहीं. थंड देशांतील त्या सज्जनास ही वाढ सुखाचीच वाटली होती. १९३८ सालीं गाय कॅलेंडर या इंग्रज अभियंत्यानें जगभरच्या नोंदी जमवून पृथ्वी तापूं लागली आहे असें लंडनच्या हवामानशास्त्रीय संस्थेपुढें सांगितलें. ऐकणाऱ्यांनीं शंका घेतल्या आणि विषय मागें पडला.

त्या शंकांत एक मोठी शंका होती ती माझीच: समुद्र सगळें गिळील. तिचें उत्तर १९५७ सालीं रॉजर रेव्हेल व हान्स सूस या दोघांनीं दिलें. समुद्राचें पाणी कर्बाम्ल वायु घेतें खरें, पण त्याच्या अंगच्या रासायनिक गुणामुळें वरचा थर लौकरच नाखुशी दाखवितो. आणि वरचें पाणी तळाशीं जाऊन तळचें वर येण्यास शेंकडों वर्षें लागतात. भरल्या ताटावर बसलेल्या माणसास आणखी वाढावें तसें तें आहे. आज आपण जितका वायु हवेंत सोडतों त्याचा सुमारें चौथा हिस्सा समुद्र घेतो, त्याहून थोडा अधिक झाडें व माती घेतात, आणि निम्म्यास थोडा कमी हवेंतच राहतो. समुद्रानें जो घेतला तोहि फुकट नव्हे. त्यानें पाण्याचा आम्लपणा वाढतो, आणि शिंपल्यांस व पोंवळ्यांस आपलीं घरें बांधणें कठीण होतें.

पुढच्याच वर्षीं, १९५८ सालीं, चार्लस कीलिंग या तरुण शास्त्रज्ञानें हवाई बेटांतील मौना लोआ पर्वतावर हवेची नित्य मोजणी सुरू केली. तेथील हवा शहरांपासून दूर व स्वच्छ. प्रथम त्याच्या ध्यानांत आलें कीं पृथ्वी वर्षांतून एकदां श्वास घेते. उत्तर गोलार्धांत झाडांस पालवी फुटली कीं कर्बाम्ल वायु घटतो, पानें गळून कुजूं लागलीं कीं वाढतो. पण प्रत्येक वर्षींचा श्वास मागील वर्षाहून वरच्या पायरीवर सुरू होतो, हेंहि लौकरच दिसलें. त्या वेळीं हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे सुमारें ३१५ भाग होते. २०२४ सालीं ते ४२० च्या वर गेले होते. यंत्रयुगापूर्वीं ते सुमारें २८० होते. दक्षिण ध्रुवावरील बर्फांत प्राचीन काळची हवा बुडबुड्यांच्या रूपानें अडकून राहिली आहे. ती तपासतां आठ लाख वर्षांत हें प्रमाण ३०० च्या आसपासहि क्वचितच पोंचलें असें आढळतें. मिथेन वायु तर अडीचपटीहून अधिक झाला आहे. तो भातखाचरांतून, गुरांच्या पोटांतून, कचऱ्याच्या ढिगांतून आणि कोळशाच्या व तेलाच्या खाणींतून येतो.

येथें माझ्यासारखा जुन्या वळणाचा गृहस्थ विचारील, “दहा लाखांत चारशें म्हणजे दहा हजारांत चार. एवढ्याशा वायूनें काय होणार?” त्यास मी स्वयंपाकघरांत नेईन. शेरभर दुधांत चमचाभर विरजण घातलें तर सकाळीं सारें दूध बदललेलें असतें. विरजण थोडें आहे म्हणून दूध थांबत नाहीं. हवेचे नव्व्याण्णव भाग उष्णतेला अडवीतच नाहींत, तेव्हां अडविण्याचें सारें काम त्या उरलेल्या थोड्यांचेंच आहे. थोड्यांत भर पडली म्हणजे कामांत भर पडली.

दुसरा याहून चतुर गृहस्थ म्हणेल, “खालच्या हवेंत हा वायु आधींच पुरेसा आहे; जे किरण अडवायचे ते अडविले गेले. आणखी घालून काय अडणार?” ही शंका शंभर वर्षांपूर्वीं मोठ्या शास्त्रज्ञांनींहि घेतली होती. तिचें उत्तर असें: उष्णता जमिनीवरून एका उडींत आकाशांत जात नाहीं, ती हवेच्या थराथरांतून, हातोहात, वर चढते. शेवटीं ज्या उंचीवर हवा पुरेशी विरळ होते तेथून ती मोकळी सुटते. वायु वाढला कीं ही सुटकेची जागा अधिक उंच जाते. उंचावरची हवा थंड, आणि थंड वस्तु उष्णता कमी टाकते. मग जमा तेवढीच राहून खर्च घटतो, आणि जमाखर्च पुन्हां जुळेपर्यंत खालचें सर्व तापत जातें.

कोणी सूर्यास दोष देतात, कोणी ज्वालामुखींस. न्यायाधीशानें पुरावा पाहावा तसा आपणहि पाहूं. सूर्य प्रखर झाला असता तर हवेचे खालचे व वरचे दोन्ही थर तापले असते. प्रत्यक्षांत खालचा थर तापत आहे आणि फार उंचावरचा निवत आहे. जाड पांघरुणाखालीं अंग तापावें आणि पांघरुणाच्या बाहेर गार लागावें, तशी ही खूण आहे. १९६७ सालीं स्युकुरो मानाबे व रिचर्ड वेदराल्ड यांनीं हें आधींच वर्तविलें होतें. मानाबे यांस २०२१ सालीं पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें. शिवाय १९७८ पासून कृत्रिम उपग्रह सूर्याचें तेज मोजीत आहेत, आणि त्यांत या तापण्यास पुरेल अशी वाढ आढळत नाहीं. ज्वालामुखीचें म्हणाल, तर १९९१ सालीं फिलिपाईन्समधील पिनाटुबो पर्वताचा स्फोट झाला तेव्हां त्याच्या धुळीच्या व गंधकाच्या पडद्यानें पृथ्वी एक-दोन वर्षें थोडी निवलीच होती.

आणि हा वाढलेला वायु मनुष्यानेंच सोडला हें कशावरून? कोट्यवधि वर्षें जमिनीखालीं पडलेल्या दगडी कोळशांत व खनिज तेलांत कर्बाचा एक विशिष्ट प्रकार, ज्यास कार्बन चौदा म्हणतात, उरलेला नसतो. तो काळाच्या ओघांत नाहींसा होतो. हवेंतील कर्बांत त्या प्रकाराचें प्रमाण जुन्या कर्बाच्या भेसळीनें पातळ झालें आहे, हें सूस यानें १९५५ सालींच दाखविलें. हवेंतील प्राणवायुहि जळणाच्या हिशेबानें किंचित् घटत आहे. चोरी कोठून झाली हें मालावरच्या शिक्क्यावरून कळावें, तसें हें आहे. आज जग वर्षास सुमारें ३,७०० कोटी टन कर्बाम्ल वायु कोळसा, तेल व नैसर्गिक वायु जाळून हवेंत सोडतें. १२ किलो शुद्ध कर्ब जळला कीं प्राणवायु मिळून ४४ किलो वायु होतो. म्हणून चुलींतून राख थोडी निघते आणि धुराड्यांतून ओझें फार निघतें.

आतां मागच्या बाकावरील माझ्या मित्राच्या प्रश्नाकडे येतों. पांघरूण जाड झाल्यानें जी अधिक उष्णता अडकते तिचे शंभरांतले नव्वदांहून अधिक भाग समुद्रांत जातात. म्हणून हवा तापली हें कळण्यापूर्वीं समुद्र तापला आहे हें समजावें. चक्रीवादळास पोसण्यास पाण्याचें उष्णमान साधारणपणें २६·५ अंशांहून अधिक लागतें. अरबी समुद्र गेल्या कांहीं दशकांत लक्षणीय तापला आहे, आणि त्यांतील वादळांची संख्या व त्यांचें आयुष्य हीं दोन्ही वाढलीं आहेत असें पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेंतील संशोधकांस आढळलें आहे. २०१९ सालीं ‘क्यार’ नांवाचें महावादळ याच समुद्रांत उठलें. ३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ रायगडच्या किनाऱ्यावर चढलें. १७ मे २०२१ रोजीं ‘तौक्ते’ मुंबईजवळून गेलें व गुजराथेंत शिरलें. त्या वेळीं मुंबईच्या समुद्रांत पी-३०५ नांवाचा तराफा बुडून कित्येक कामगार प्राणांस मुकले. अमुक एक वादळ केवळ या तापण्यामुळेंच आलें असें मी म्हणणार नाहीं. एका वर्षीं भात चांगलें आलें तें खतामुळें कीं पावसामुळें हें कोणी छातीठोक सांगूं शकत नाहीं. पण वर्षानुवर्षें खत पडूं लागलें आणि पीक वाढत गेलें, तर खताचा हात त्यांत आहे हें शेतकरी ओळखतो. तेव्हां मित्रा, तुझ्या प्रश्नाचें उत्तर हें: समुद्र बदलला, आणि पुस्तक बदलण्यास मास्तरांनीं उशीर केला.

पावसाचेंहि तसेंच. हवेचें उष्णमान एका अंशानें वाढलें कीं ती शेंकडा सुमारें सात भाग अधिक वाफ धरूं शकते. वाफ स्वतः मोठें पांघरूण आहे, परंतु ती चाकर आहे, धनी नव्हे. हवा थंड झाली कीं आठ-दहा दिवसांत पाऊस होऊन ती उतरते. कर्बाम्ल वायूचा मोठा भाग शतकानुशतकें हवेंत राहतो. धनी आधीं हवा तापवितो, मग चाकर येऊन ती अधिक तापवितो. आणि मोठ्या पखालींतून पाणी सुटावें तसा त्या वाफेचा पाऊस एकदम कोसळतो. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या रात्रीं घरीं न पोंचलेलीं माणसें या सभेंतहि असतील. मध्य भारतांत मोठ्या क्षेत्रावर एकदम होणाऱ्या अतिवृष्टीचे प्रसंग १९५० ते २०१५ या काळांत तिपटीनें वाढले, असें पुण्याच्या त्याच संस्थेंतील संशोधकांच्या २०१७ सालच्या निबंधांत दाखविलें आहे. पाऊस पडतो तेव्हां अति पडतो आणि दडी मारतो तेव्हां लांब मारतो. दोन्हींत नुकसान शेतकऱ्याचें.

तिसरी गोष्ट समुद्राच्या पातळीची. तापलेलें पाणी फुगतें, आणि डोंगरांवरचा व ग्रीनलंडचा बर्फ वितळून समुद्रांत येतो. १९०१ पासून २०१८ पर्यंत जगाच्या समुद्राची पातळी सरासरीनें २० सेंटिमीटर, म्हणजे एका वीतभर, वर आली. आणि वाढीचा वेग अलीकडे वाढत आहे. वीतभर पाण्यानें काय बिघडतें, असें ज्यास वाटेल त्यानें उधाणाच्या दिवशीं बांधावर उभें राहावें. लाटेनें बांध ओलांडण्यास शेवटची वीतच लागते.

आपल्या वसईच्या वाड्यांतील विहिरींचें पाणी मचूळ होत आहे, हें दुःख मजकडे पुष्कळांनीं सांगितलें आहे. येथें मीं खरें बोललें पाहिजे. त्याचा सारा दोष हवेच्या तापण्यावर टाकणें अन्यायाचें होईल. गोड्या पाण्याचा बेसुमार उपसा झाला कीं खालून खारें पाणी आंत शिरतें. सखल शेतांत भराव घातला कीं पावसाचें पाणी मुरत नाहीं. या गोष्टी येथल्या येथेंच घडतात, आणि त्या थांबविणें येथल्या माणसांच्या हातीं आहे. परंतु एका बाजूनें आपण गोडें पाणी उपसावें आणि दुसऱ्या बाजूनें समुद्रानें वर यावें, या दोहोंच्या कात्रींत विहीर सांपडली आहे, हें विसरून चालणार नाहीं.

पुढें काय? १८५० ते १९०० या काळाच्या मानानें २०११ ते २०२० या दशकांत पृथ्वीचें उष्णमान सुमारें १·१ अंशानें वाढलेलें होतें. आणि २०२४ हें पहिलें वर्ष, ज्यांत ही वाढ दीड अंशाच्या वर गेली. एका वर्षानें निकाल लागत नाहीं, पण ज्या दीड अंशाच्या मर्यादेसाठीं प्रयत्न करूं असें राष्ट्रांनीं २०१५ सालीं पॅरिस येथें ठरविलें, तिच्या उंबरठ्यावर आपण उभे आहों. येथें एक गोष्ट नीट समजून घ्यावी. उष्णमान हें यंदा किती वायु सोडला यावर अवलंबून नाहीं. आजवर एकंदर किती सोडला यावर आहे. सावकाराचें कर्ज घेणाऱ्यानें यंदा गेल्या वर्षाहून कमी कर्ज घेतलें, तरी त्याचें एकूण कर्ज वाढतच असतें. कर्ज घेणें अजिबात थांबेल तेव्हांच तें वाढावयाचें थांबेल. तसेंच येथेंहि आहे. सोडणें व शोषणें यांचा मेळ बसला कीं तापणें बहुतांशीं थांबतें. चढलेलें उष्णमान मात्र पिढ्यान्‌पिढ्या उतरत नाहीं. म्हणून उशीर हाच येथें मोठा खर्च आहे.

कर्ज कोणी काढलें आणि फेडीत कोण आहे, हा प्रश्नहि न्यायाचा आहे. अमेरिकेंतील माणूस वर्षास सरासरीनें सुमारें १४ टन कर्बाम्ल वायु सोडतो; जगाची सरासरी पांच टनांच्या आंत आहे; आपल्या देशांत ती माणशीं सुमारें दोन टन आहे. ज्याच्या घरीं पंखाहि नाहीं त्यास उन्हाची झळ अधिक लागते, आणि ज्याची होडी एकच आहे त्यास वादळ अधिक महाग पडतें. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनीं २०१५ सालच्या ‘लौदातो सी’ या परिपत्रांत हवामान ही सर्वांची सामाईक संपत्ति आहे असें सांगून गरिबांचा हा भार जगापुढें मांडला. परंतु आपल्या देशाची सरासरी कमी आहे, एवढ्यावर निजून राहणें बरें नव्हे. सरासरींत झोंपडी व बंगला एकत्र मोजलेले असतात. आणि आपल्या बंगल्यांची संख्या वाढत आहे.

तर आपण काय करावें? झाडें लावा, असें उत्तर सर्व सभांत मिळतें. झाडें अवश्य लावावीं. तीं सावली देतात, माती धरतात, पाणी मुरवितात. पण झाड वाढण्यास वीस वर्षें घेतें, आणि कोट्यवधि वर्षांत सांठलेला कोळसा आपण दोनशें वर्षांत जाळीत आहों. तो हिशेब केवळ रोपांनीं फिटणार नाहीं. मुख्य काम कोळसा, तेल व वायु यांचें जळण थांबविण्याचें आहे, आणि तें सूर्य, वारा व पाणी यांपासून वीज करण्यानें साधतें. सूर्याच्या उजेडावरची वीज आतां पुष्कळ ठिकाणीं कोळशाच्या विजेहून स्वस्त पडते, हें माझ्या तरुणपणीं कोणी सांगितलें असतें तर मीं त्यास हंसून घालविलें असतें. हें काम सरकारांचें व मोठ्या कारखान्यांचें आहे, हें खरें. पण सरकार आपल्या मतांवर चालतें, आणि घराचें छप्पर आपलें असतें. दुसरें काम येथल्या किनाऱ्याचें आहे. खाजणांतील तिवरांचें रान लाटांचा जोर मोडतें आणि चिखलांत कर्ब सांठवितें. तें तोडूं देऊं नये. सखल जमिनींत भराव घालूं नये. पावसाचें पाणी विहिरींत मुरवावें. वादळाची सूचना मिळाली कीं तिचा मान राखावा, होडीचा मोह धरूं नये.

आणि शिक्षकांना माझी एक विनंति आहे. आपण वर्गांत जें सांगतों तें दर पांच वर्षांनीं तपासून पाहावें. मीं तें केलें नाहीं. माझ्या चुकीनें वादळ आलें नाहीं, हें मी जाणतों. पण ज्या मुलांनीं माझ्या शब्दावर विश्वास ठेवला त्यांस मीं तीस वर्षें निर्धास्त ठेविलें, आणि निर्धास्तपणा हीच या संकटाची पहिली पायरी आहे.

पन्नास वर्षांपूर्वीं हें ख्रिस्तमंदिर उभें राहिलें तेव्हां हवेच्या दहा लाख भागांत कर्बाम्ल वायूचे किती भाग होते, हें मौना लोआच्या वहींत लिहिलेलें आहे. आणखी पन्नास वर्षांनीं याच धर्मग्रामाचा शतकमहोत्सव होईल. आज पुढच्या रांगेंत चुळबुळ करीत बसलेलीं मुलें त्या वेळीं पांढऱ्या केसांनीं येथें बसतील, आणि त्यांच्यापैकीं कोणी ती वही उघडून पाहील. त्या वहींतील आंकडा आपण आज काय करतों यावर ठरणार आहे. तो वाचतांना त्यांस आपल्याविषयीं वाईट वाटूं नये, एवढीच इच्छा.